मंडळीची यादी आणि बारा जणांचा क्लास

मेथडिस्ट मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, सभासद कोण? आज आपल्याकडे याचं उत्तर मिळतं ते असं: ज्याचं नाव यादीत आहे आणि ज्याची वर्गणी थकलेली नाही, तो. कामापुरतं हे उत्तर ठीक आहे. लग्नासाठी दाखला लागतो, कबरस्तानात जागा लागते, पास्टरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीची, निवडणूक असते, तेव्हा यादीच उघडावी लागते. पण त्याच यादीतला माणूस चार महिने उपासनेला आला नाही, तर त्याच्या दारात कोण जातं? त्याची नोकरी गेली, मुलगा दारूला लागला, बायको माहेरी निघून गेली, हे मंडळीला कधी कळतं? बहुतेक वेळा सगळीकडे बभ्रा झाल्यावर. काही वेळा तर पाळकसाहेबांचं त्या घरात पाऊल पडतं ते थेट अंत्यविधीला.

याचा दोष पाळकांच्या माथी मारून उपयोग नाही. दीडशे घरांची मंडळी एकट्या माणसाला सांभाळता येत नाही, मग तो कितीही कष्टाळू असो. लोकांचा विश्वास आटला, हेही मला पटत नाही. नाताळला आणि उत्तम शुक्रवारी देवळात उभं राहायला जागा नसते. झालं आहे ते इतकंच, की मेथडिस्ट मंडळी ज्या कण्यावर उभी राहिली तो क्लास, म्हणजे दर आठवड्याला बसून एकमेकांची विचारपूस करणारा बारा जणांचा गट, आपण हातचा सोडला आणि त्याच्या जागी यादी ठेवली. तो परत उभा केला पाहिजे. त्याला इमारत लागत नाही, परदेशी पैसा लागत नाही आणि वरून परिपत्रक येण्याची वाटही बघावी लागत नाही.

क्लासचा जन्म झाला तो कर्जापायी. १७४२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडात ब्रिस्टलला, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या सोसायटीतली, म्हणजे त्याच्या अनुयायांच्या संघातली, माणसं बसली होती ती देणं कसं फेडायचं हे ठरवायला. ‘न्यू रूम’ ही त्यांची सभेची इमारत तीनेक वर्षांपूर्वी उभी राहिली होती, पण तिचे पैसे फिटत नव्हते. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी अडचण काढली, की कित्येकांना तेवढंही झेपणार नाही. फॉय म्हणाले, मग सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे लावून द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला देता येणार नाही त्याचं मी भरीन. अकरा ते आणि बारावा हा. शहरभर असे बाराबाराचे गट पाडले गेले.

पेनी गोळा करायला घरोघर गेलेल्या माणसांना तिथे भलतंच दिसायला लागलं. कुणी पिऊन पडलेला, कुणाचं घरात भांडण चाललेलं. त्यांनी हे वेस्लीच्या कानावर घातलं आणि वेस्लीने ताबडतोब ओळखलं, की आपल्याला इतके दिवस हवं होतं ते हेच. घरोघर जाण्यात मात्र अडचणी होत्या. वेळ फार जाई. बरेच जण दुसऱ्यांच्या घरी नोकर होते आणि मालक मंडळी कुणाला आत येऊ देत नसत. दोघांचं भांडण असलं तर एकेकट्याशी बोलून ते मिटत नसे. म्हणून बाराही जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं ठरलं. पैशासाठी काढलेली वाट माणसांपर्यंत पोचली.

१ मे १७४३ ची तारीख असलेल्या ‘सामान्य नियमां’त क्लास लीडरचं काम नेमकं सांगितलं आहे. आपल्या गटातल्या प्रत्येकाला आठवड्यातून निदान एकदा भेटायचं, त्याच्या जिवाचं कसं चाललं आहे हे विचारायचं, गरज पडेल तसा सल्ला, कानउघाडणी, धीर द्यायचा. गरिबांसाठी जो जे देईल ते घ्यायचं. मग पाळक आणि कारभारी यांना भेटून कोण आजारी आहे, कोण वाट सोडतो आहे हे सांगायचं आणि जमलेले पैसे हिशेबासह त्यांच्या हवाली करायचे. एवढंच. प्रवचनाचा त्यात कुठे पत्ता नाही.

याच नियमांत सोसायटीत येण्याची अट एकच आहे: येणाऱ्या क्रोधापासून पळण्याची आणि आपल्या पापांतून सुटण्याची इच्छा. प्रश्नोत्तरावली पाठ असावी लागत नव्हती, शिफारस लागत नव्हती. आत आल्यावर मात्र तीन गोष्टी दिसाव्या लागत: वाईट करायचं नाही, होईल तितकं भलं करायचं, आणि उपासना, प्रार्थना, वचन, प्रभुभोजन, उपास ही देवाने लावून दिलेली साधनं सोडायची नाहीत. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाशी बोलणं होई आणि मगच त्याला नवं तिकीट मिळे. म्हणजे दार सताड उघडं, आणि आतलं राहणं तीन तीन महिन्यांनी नवं करायचं. आपण नेमकं उलट करून ठेवलं आहे. दृढीकरणाच्या वर्गाला पोरांना महिनोन्‌महिने बसवतो, पाठांतर घेतो, वेदीपुढे वचन घेतो. आणि त्या रविवारनंतर त्यांना कुणीही काहीही विचारत नाही, थेट लग्न ठरेपर्यंत.

ते वचन तरी काय असतं? अमेरिकन मेथडिस्टांकडून आपल्याकडे आलेल्या विधीत सभासद मंडळीला चार गोष्टींनी हातभार लावायचं कबूल करतो: प्रार्थना, हजेरी, दान आणि सेवा. आपल्या वह्यांत यांतल्या एकाच गोष्टीचा रकाना आहे.

जुन्या काळाचं सगळंच डोक्यावर घेऊन नाचावं असं मी म्हणत नाही. १७४३ च्या मार्चमध्ये न्यूकॅसलच्या सोसायटीतून ६४ जणांना काढलं गेलं, त्याची फोड वेस्लीने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. दारूपायी १७, दारू विकल्याबद्दल २, शिव्याशापांसाठी २, शब्बाथ मोडल्याबद्दल २, मारामाऱ्या आणि तंट्यांसाठी ३, बायकोला मारल्याबद्दल १, सराईत खोटेपणासाठी ३, निंदानालस्तीसाठी ४, आळसासाठी १. आणि उरलेले २९ निव्वळ उथळपणा आणि बेफिकिरीसाठी. हा शेवटचा आकडा मला आजही खटकतो. बेफिकीर माणसाला बाहेर घालवून तो सावध होत नाही. त्याच्यासाठीच तर क्लास हवा. पण त्याच यादीतला बायकोला मारणारा तो एकटा बघा. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात नवऱ्याने बायकोवर हात उगारणं ही घरातली बाब समजली जाई. इथे एका मंडळीने तिची नोंद घेतली आणि त्याला जबाबदार धरलं. आपल्या किती पास्टरेट कमिट्यांच्या इतिवृत्तांत असा एक ठराव सापडेल?

क्लास ही केवळ कारभाराची सोय होती असं समजणं चूक आहे. ती मेथडिस्ट शिकवणुकीतूनच निघते. देवाची कृपा आपण हाक मारण्याआधीच आपल्यापाशी येते, ती सर्वांसाठी आहे, ती आपल्याला नीतिमान ठरवते आणि पुढे पवित्र करत नेते, हे वेस्लीच्या शिकवणीचं सार. पण त्या कृपेला माणूस नकार देऊ शकतो आणि एकदा लाभलेली वाट सोडूही शकतो, हेही तो तितक्याच ठामपणे सांगतो. एकदा तारण झालं की आता काही बिघडत नाही, असं मानणाऱ्याला दर आठवड्याला कुणी विचारपूस करण्याची गरज नाही. आपल्याला आहे. घसरणं शक्य आहे असं ज्या मंडळीचं मत आहे, तिने घसरणाऱ्याचा हात धरायला माणूस नेमलाच पाहिजे. नाहीतर आपली शिकवण नुसती धाक घालणारी ठरते. एकट्याने साधलेलं पावित्र्य वेस्लीला ठाऊक नव्हतं. १७३९ च्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने ते स्वच्छ लिहिलं आहे.

आता मुंबईकडे येऊ, कारण आपल्या मंडळीचा पाया इथे पडला तोसुद्धा घराघरांतल्या अशा गटांतूनच. भारतातलं अमेरिकन मेथडिस्ट काम विल्यम बटलर यांनी १८५६ मध्ये सुरू केलं ते उत्तरेत, बरेलीकडे. मुंबईत १८७१ च्या नोव्हेंबरात विल्यम टेलर आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर प्रवचन करून तयार झालेला हा माणूस. इथे त्यांच्या सभांतून ज्यांची मनं पालटली त्यांना त्यांनी देऊळ बांधायला लावलं नाही; शहरातल्या वेगवेगळ्या घरांत त्यांचे लहान लहान गट बसवले. ‘फेलोशिप बँड’ असं त्यांना म्हणत. चर्च संघटित झालं ते त्यानंतर, १८७२ मध्ये. परदेशातल्या मिशनच्या पैशावर ते चालवायचं नाही, इथल्या लोकांनी आपल्या खिशातून चालवायचं, हा टेलर यांचा आग्रह होता. त्यांच्या सोबतीला जॉर्ज बोवेन होते, १८४८ मध्ये मुंबईला आलेले, मिशनचा पगार स्वतःहून सोडून देशी वस्तीत अतिशय साधेपणाने राहिलेले, ‘बॉम्बे गार्डियन’ चालवणारे. कुलाब्यातलं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. पुण्यात सर्व्हे खात्यात नोकरी करणारा तरुण विल्यम ओल्डहॅम अशाच सभांमधून मेथडिस्ट झाला आणि १८८५ मध्ये सिंगापूरला जाऊन त्याने तिथलं काम उभं केलं.

हे सुरुवातीचे गट इंग्रजी बोलणाऱ्यांचे होते हे खरं आहे. मराठी काम नंतर वाढलं, आणि ते वाढलं तेव्हा मिशनचा पगार, मिशनची शाळा, मिशनचा बंगला हे सगळं आधीच उभं होतं. आपल्या आज्या-पणज्यांना मंडळी भेटली ती या रूपात. गावकुसाबाहेरून आलेल्या माणसांना त्या शाळेने आणि दवाखान्याने जे दिलं ते मोठंच आहे, त्याचं मोल कमी लेखण्याचं कारण नाही. पण घरातला क्लास आधी आणि इमारत मागून, हा मूळचा क्रम आपल्या वाट्याला आलाच नाही. आपल्याला इमारत आयती मिळाली. आज मिशनच्या जुन्या जागांवरून जे वाद आणि कोर्टकज्जे चालतात, त्यांचं एक मूळ इथे आहे. मालमत्तेभोवती बांधलेली मंडळी मालमत्तेवरूनच भांडणार.

क्लास मोडला तो फक्त आपल्याकडे असंही नाही. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने १८६६ मध्येच क्लासची हजेरी ही सभासदत्वाची अट काढून टाकली. कारण समजून घेण्यासारखं आहे. घोड्यावरून फिरणारा प्रवचनकार एका गावी कित्येक आठवड्यांनी येई, तोवर तिथला खरा पाळक क्लास लीडरच असे. पुढे गावोगावी बंगल्यासह पाळक राहायला आले, संडेस्कूल आलं, प्रार्थनासभा आल्या आणि लीडरचं काम पाळकाकडे गेलं. लोकांना बरंच वाटलं. शिकलेला माणूस आला, आता आपल्याला काही करायला नको. एका माणसाकडे दीडशे घरं सोपवण्याची सुरुवात तिथे झाली. कोरियातल्या मेथडिस्टांनी मात्र क्लास सोडला नाही. तिथल्या मोठमोठ्या मंडळ्या आजही आठवड्याच्या घरगुती गटांवर उभ्या आहेत.

१९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा आपलं चर्च ऐन वेळी त्यात सामील झालं नाही. १९८१ पासून आपण मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून आपल्या पायावर उभे आहोत. तो निर्णय बरोबर की चूक, यावर अजूनही चहाच्या टेबलावर तावातावाने बोललं जातं. मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: वेगळं राहून आपण वेगळं काय जपलं? ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक तेच, बायबल तेच, नाताळच्या कॅरोल तशाच. बिशप त्यांनाही आहेत, आपल्यालाही. पाटीवरचं नाव सोडलं तर मेथडिस्टपणाची खूण दाखवायला आपल्याकडे क्लाससारखं दुसरं काही नाही, आणि नेमका तोच बंद आहे.

इथे कुणीतरी म्हणेल, आमच्याकडे कॉटेज मीटिंग असते की. असते, आणि ती चांगलीही असते. पण ती वेगळी गोष्ट आहे. एका घरी तीस-पस्तीस माणसं जमतात, गाणी होतात, पाहुणे पाळक पाऊण तास बोलतात, घरच्यांसाठी प्रार्थना होते, पोहे किंवा उपमा होतो आणि सगळे घरी जातात. त्या तीस जणांपैकी एकालाही कुणी विचारलेलं नसतं, की बाबा, तुझं कसं चाललंय. बायबल स्टडीतही बोलतो तो शिकवणाराच. क्लासमध्ये प्रत्येकाला बोलावं लागतं आणि प्रत्येकाला ऐकावं लागतं.

तो प्रत्यक्षात चालवायचा कसा, हे आता जरा तपशिलाने.

माणसं आठ ते बारा. आठाच्या खाली गेलं की दोघं गैरहजर असताना बैठक कोलमडते, बाराच्या वर गेलं की प्रत्येकाला वेळ मिळत नाही. वेळ एक तास, घड्याळ लावून. एक कडवं आणि छोटी प्रार्थना, पाच-सात मिनिटं. मग लीडरने स्वतःपासून सुरुवात करायची आणि सरळ सांगायचं, या आठवड्यात प्रार्थना झाली की राहिली, राग कुठे अनावर झाला, देवाची सोबत कुठे जाणवली. त्याने मोकळं बोललं तर बाकीचे बोलतात; त्याने साक्षीचं भाषण ठोकलं तर बाकीचेही भाषणंच देतात. त्यानंतर एकेकाला तोच प्रश्न: “मावशी, या आठवड्यात जिवाचं कसं चाललं?” दहा जण हजर असले तर प्रत्येकी चार मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं. ज्याला बोलायचं नाही त्याने “आज नको” म्हणायचं आणि पुढच्याकडे जायचं, त्याला भरीस पाडायचं नाही. शेवटची दहा मिनिटं एकमेकांसाठी प्रार्थना, नाव घेऊन. उरलेल्या दोन-तीन मिनिटांत वही आणि पाकीट.

वहीत रकाने चार: नाव, हजर की नाही, नसल्यास कारण, रक्कम. कुणी काय बोललं ते वहीत कधीही लिहायचं नाही. सलग दोन बैठकांना न दिसलेल्याच्या घरी तिसऱ्या बैठकीच्या आत लीडरने जायचं; फोन पुरेसा नाही, कारण फोनवर सगळ्यांचं सगळं ठीकच असतं. पाकिटात ज्याला जमेल ते. माणशी २० रुपये धरले आणि बारा जण असले, तर आठवड्याला २४० आणि वर्षाला १२,४८० रुपये होतात. हा पैसा गरिबांसाठीच, रंगरंगोटीला किंवा साउंड सिस्टमला नाही. सगळ्यांसमोर मोजायचा, खजिनदाराकडे द्यायचा, पावती घ्यायची आणि पुढच्या बैठकीत ती दाखवायची.

लीडर कोण? पाळक नको, कारण त्यांच्यासमोर लोक सावरून बोलतात. पास्टरेट कमिटीतला पंचही नको. जो ऐकून घेतो, ज्याच्या पोटात गोष्ट राहते आणि जो वेळेवर येतो, तो. बाई असो की पुरुष. वेस्लीच्या काळातही कितीतरी क्लास बायकांनी चालवले. प्रत्येक लीडरच्या हाताखाली पहिल्या दिवसापासून एक दुसरा माणूस तयार करायचा, म्हणजे गट वाढला की त्याचे दोन करता येतात. आणि पंधरा दिवसांतून एकदा सगळ्या लीडरांनी पाळकांसोबत अर्धा तास बसायचं: कोण आजारी, कुणाला पैशाची नड, कोण दिसेनासं झालं. या अर्ध्या तासाने पाळकांचा आठवडा बदलतो. कुठल्या चार घरी आज जायलाच हवं हे त्यांना कळतं.

दीडशे घरांत मिळून साधारण तीनशे मोठी माणसं धरली, तरी पंचवीस क्लास लागतील. एकदम पंचवीस काढले तर सहा महिन्यांत पंचवीसही बंद पडतील. दोनच काढावेत, वर्षभर चालू द्यावेत आणि त्यांतून तयार झालेल्या माणसांकडे पुढचे चार सोपवावेत.

हे चालण्यासारखं आहे का, अशी शंका असेल तर आपल्याच वस्तीतले महिला बचत गट बघावेत. दहा ते वीस बायका, ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, वहीत नोंद, थकलेल्या हप्त्याची सगळ्यांसमोर विचारणा. त्यांची पंचसूत्री सांगते ती शिस्त याच जातीची आहे. मंडळीतल्या ज्या बहिणी रविवारी मागच्या बाकावर गप्प बसतात, त्याच गटाच्या बैठकीत अध्यक्ष म्हणून खणखणीत बोलतात, बँकेत जाऊन मॅनेजरशी वाद घालतात. क्लास लीडर कुठून आणायचे, हा प्रश्न मला पडत नाही.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. सर्वांत आधी बिघडतं ते भावकीपायी. सोयीचं म्हणून एकाच आडनावाची, एकाच मूळ गावची माणसं एका क्लासमध्ये टाकली की तिथे जुनी दुखणी निघतात, किंवा कुणीच काही बोलत नाही, कारण बोललेलं सगळं रात्रीपर्यंत सासरी-माहेरी पोचणार असतं. म्हणून गट मिसळूनच पाडावेत आणि नवरा-बायको वेगवेगळ्या क्लासमध्ये असावेत. सुरुवातीच्या मेथडिस्टांचे बँड, क्लासहून लहान आणि अधिक खोलात जाणारे, बायका-पुरुषांचे आणि विवाहित-अविवाहितांचे वेगळे असत, ते उगाच नाही.

दुसरं, खाणं. पहिल्या घरी चहा-बिस्किटं, दुसऱ्या घरी समोसे, चौथ्या घरी जेवण. पाचवं घर गरिबाचं असतं आणि ते म्हणतं, यंदा आमच्याकडे नको. क्लास तिथेच संपतो. पहिल्याच दिवशी ठरवावं, की पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, आणि ते श्रीमंत घरांनीच सर्वांत कडक पाळावं.

तिसरं, उधारी. क्लासमधून कर्ज देऊ नये. हप्ता चुकलेला माणूस तोंड चुकवतो आणि ज्याला क्लासची सर्वांत जास्त गरज असते तोच येणं बंद करतो. वेस्लीने लंडनमध्ये गरिबांसाठी २० शिलिंगपर्यंतचं, तीन महिन्यांत फेडायचं बिनव्याजी कर्ज देणारा निधी १७४६ च्या सुमारास काढला होता. पण तो कारभाऱ्यांच्या हाती होता, क्लासच्या नाही. आपल्याकडे त्या कामाला बचत गट आणि पतपेढ्या आहेत.

चौथं, निवडणूक. बारा माणसांचा विश्वास ज्याच्यावर आहे त्याच्याकडे कमिटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलचं लक्ष जातं. म्हणून नियम हवा: क्लास लीडर असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष कमिटीला उभं राहायचं नाही. ज्यांना हा नियम जाचक वाटेल, त्यांना लीडर नेमू नये.

पाचवं, गुप्तता. क्लासमधली गोष्ट बाहेर जाता कामा नये, हे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला बोलून दाखवावं. पण या गुप्ततेची एक हद्द आहे आणि तीही तितक्याच स्पष्टपणे सांगून ठेवावी. कुणाला घरात मारहाण होत असेल, लेकराशी वाईट वागलं जात असेल, कुणी जीव द्यायच्या गोष्टी करत असेल, तर ते प्रार्थना करून झाकायचं नाही. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१ हे नंबर लीडरच्या वहीच्या पहिल्या पानावर असावेत, आणि डॉक्टरकडे किंवा पोलिसांत जायची वेळ आली तर सोबत जायची त्याची तयारी असावी. देवळाची अब्रू जाईल म्हणून असली गोष्ट दाबण्यासारखं दुसरं पाप नाही.

आणि शेवटचं, बदली. आपले पाळक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या प्रादेशिक परिषदेत, बिशपांच्या नेमणुकीने बदलतात. एका पाळकांनी हौसेने सुरू केलेलं काम दुसरे येताच गुंडाळलं जातं, हा सगळ्यांच्या ओळखीचा प्रकार आहे. क्लासचा ठराव पास्टरेट कॉन्फरन्सच्या इतिवृत्तात यावा, त्याची जबाबदारी ले लीडरकडे, म्हणजे पाळक नसलेल्या सभासद-प्रतिनिधीकडे, असावी, म्हणजे पाळक कुणीही येवोत, क्लासचा दिवस चुकत नाही.

वेळ कुठे आहे, हा आक्षेप मुंबई-पुण्यात खरा आहे. विरारहून चर्चगेटला जाऊन येणाऱ्याला आठवड्यातली एक संध्याकाळ काढणं जड जातं. त्याच्यासाठी शनिवारी सकाळी सातचा क्लास काढता येईल, महिन्यातून तीनदा व्हिडिओ कॉलवर आणि एकदा समोरासमोर बसता येईल. आखाती देशांत नोकरीला असलेल्यांनाही यात धरता येईल. पण एक गोष्ट नोंदवतो. आपल्यातली तरुण मुलं जेव्हा स्वतंत्र फेलोशिपकडे जातात, तेव्हा ती याच मुंबई-पुण्यात आठवड्यातून दोनदा वेळ काढतात. आपण म्हणतो, तिथे गिटार आहे, ड्रम आहे म्हणून गेली. त्यांच्याशी नीट बोललं तर बहुतेकांचं सांगणं वेगळं असतं: तिथे मंगळवारी कुणीतरी फोन करून विचारतं, रविवारी का आला नाहीस. आपलंच हत्यार दुसऱ्यांनी उचललं आणि नीट वापरलं. त्यांच्यावर रागावून काय होणार?

सक्ती करावी का? सभासदत्वासाठी क्लासची हजेरी आज लगेच अट करावी, असं मी म्हणणार नाही. म्हातारी माणसं आहेत, पाळीत काम करणारे आहेत, एकटं राहणं पसंत करणारेही आहेत. पण पास्टरेट कमिटीला उभं राहणाऱ्याने, संडेस्कूल शिकवणाऱ्याने आणि कॉन्फरन्सला प्रतिनिधी म्हणून जाणाऱ्याने निदान वर्षभर कुठल्या तरी क्लासमध्ये बसलेलं असावं, ही अट आजही घालता येईल. ज्याला बारा जणांसमोर आठवड्याला चार मिनिटं खरं बोलता येत नाही, त्याच्या हाती मंडळीचा कारभार कशाला द्यायचा?

सुरुवात एका सोप्या जागेवरून करता येईल. नागपूरचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो तेव्हा त्याचं सभासदत्वाचं पत्र एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातं. कधी जातं, कधी कपाटातच राहतं. मधल्या काळात तो पोरगा हिंजवडीच्या एखाद्या पीजीत एकटा असतो आणि पहिल्या दोन महिन्यांतच ठरून जातं, की तो पुढे कुठल्या मंडळीचा असेल. त्याची गाडी सुटण्याआधी पुण्यातल्या एका क्लास लीडरचा नंबर त्याच्याकडे आणि त्याचा नंबर त्या लीडरकडे असला पाहिजे. पत्र मागाहून येऊ द्या.